अन्नाचे चढउतार आणि सूत्रकृमींमधली स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन प्रजातींचे सूत्रकृमी एकाच बशीत सोडले तर कोण जिंकेल, असं अनेक जण विचारतात. खाणं किती आहे आणि ते कशा रीतीने येतं, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. त्याच दोन प्रजाती, तीच बशी, तेच तापमान असलं तरी अन्नाची लय बदलली की निकाल फिरतो. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख तिकडेच आहे.

सूत्रकृमी म्हणजे नेमके कोण?

निमॅटोड या नावानेही ओळखले जाणारे दोऱ्यासारखे, दोन्ही टोकांना निमुळते, अंगावर खंड नसलेले प्राणी. मातीतले बहुतेक एक मिलिमीटरच्या आतबाहेरचे असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाशिवाय त्यांची ओळख पटत नाही. जगभरातल्या मातीच्या नमुन्यांवरून २०१९ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार जमिनीच्या वरच्या थरातली त्यांची संख्या ४४ नंतर १९ शून्यं लिहावी एवढी आहे आणि एकूण वजन सुमारे ३० कोटी टन. मूठभर मातीतही डझनावारी प्रजाती एकत्र नांदत असतात. एवढी गर्दी एकाच जागी टिकते कशी, हेच तर खरं कोडं आहे.

सगळे एकच खातात का? मग स्पर्धा कशावरून?

सगळे एकच खात नाहीत. कोण काय खातो हे तोंडाच्या ठेवणीवरून बऱ्यापैकी कळतं. जिवाणू खाणाऱ्यांचं तोंड म्हणजे साधी उघडी नळी. बुरशी खाणाऱ्यांना आणि मुळांवर जगणाऱ्यांना टोचायची पोकळ सुई असते. शिकाऱ्यांना दात असतात. या गटांमध्ये आपसांत फारशी स्पर्धा नसते. खरी चुरस असते ती एकाच गटातल्या प्रजातींमध्ये, आणि त्यातही जिवाणू खाणाऱ्यांमध्ये, कारण ते संख्येनेही भरपूर आणि वाढायलाही झपाट्याचे.

पण ‘जिवाणू खाणारे’ हाही एकजिनसी गट नाही. सी. एलेगन्सचा (पूर्ण नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स, प्रयोगशाळांतला नेहमीचा सूत्रकृमी) घसा भरल्या ताटावर मिनिटाला दोनशेहून अधिक वेळा आकुंचन पावतो. तो जिवाणूंचा दाट थर अक्षरशः उपसतो. त्याउलट ॲक्रोबेलिस वंशातल्या कृमींच्या ओठांवर नक्षीदार झालर असते. वाळूच्या कणांना चिकटलेले विरळ जिवाणू खरवडून खायला ती बरी पडते. जिवाणू दाट असतील तर पहिला पुढे, विरळ असतील तर दुसऱ्याची चलती.

अन्न भरपूर असेल तर स्पर्धा उरतच नाही ना?

तसं वाटतं खरं, पण सूत्रकृमींच्या बाबतीत भरपूर अन्न हे फार थोडा वेळ टिकणारं प्रकरण आहे. सी. एलेगन्सची उभयलिंगी मादी २० ते २५ अंश सेल्सियस तापमानाला साधारण तीन दिवसांत अंड्यापासून प्रौढ होते आणि जोडीदाराशिवाय सुमारे ३०० पिल्लं देते. म्हणजे एक मादी, तिच्या ३०० लेकी, आणि त्यांची प्रत्येकी ३०० पिल्लं: नातवंडांच्या पिढीतच आकडा ९० हजारांवर जातो. कुजणारं फळ कितीही मोठं असलं तरी या वेगापुढे ते आठवडा-दोन आठवड्यांत संपतं.

शिवाय अन्न मुबलक असतानाही स्पर्धा चालू असतेच, फक्त तिचं रूप वेगळं असतं. ती ताटातला घास हिसकावण्याची नसते, आधी जागा व्यापण्याची असते. ज्या प्रजातीची पिल्लं आधी वयात येतात, तिची दुसरी पिढी बाकीच्यांच्या पहिल्या पिढीबरोबर जेवायला बसते. उपासमार सुरू होते तेव्हा निकाल बराचसा आधीच लागलेला असतो. म्हणूनच नुसते शेवटचे आकडे पाहून ‘भुकेत अमुक प्रजाती जिंकली’ असं म्हणणं मला घाईचं वाटतं.

अन्न संपायला आलं की कृमी काय करतात?

इथेच प्रजातींचे स्वभाव उघडे पडतात.

पहिली हालचाल म्हणजे शोध. सी. एलेगन्सला जिवाणूंच्या थरावरून उचलून उघड्या अगारवर (बशीतल्या जेलीसारख्या थरावर) ठेवलं तर सुरुवातीची पंधराएक मिनिटं तो तिथल्या तिथे घुटमळतो. पुन्हा पुन्हा उलटा सरकतो, झटकन वळतो, जणू खाणं इथेच कुठेतरी असणार. तेवढ्यात काही सापडलं नाही तर वळणं कमी होतात आणि तो लांब सरळ पल्ल्याने दूर निघतो. अगारवर उमटलेल्या त्याच्या नागमोडी खुणा पाहिल्या की हा बदल स्पष्ट दिसतो. आधी गुंतवळ, मग लांबलचक रेघ. थर पूर्ण संपेपर्यंत थांबायचं की तो पातळ होताच निघायचं, हे प्रजातीवर आणि एकाच प्रजातीतल्या वाणावरही अवलंबून असतं. ब्रिस्टलहून आलेला प्रयोगशाळेतला नेहमीचा वाण एकेकटा, पसरून खातो. हवाई बेटांवरचा वाण थराच्या कडेला घोळक्याने जमतो. १९९८ मध्ये मारिओ डी बोनो आणि कॉर्नेलिया बार्गमन यांनी दाखवलं, की हा फरक मुख्यतः एनपीआर-१ या एका जनुकातल्या बदलामुळे पडतो.

दुसरी सोय थांबून राहण्याची. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला खायला मिळालंच नाही तर त्याची वाढ पहिल्याच अवस्थेत थबकते, आणि त्या स्थितीत ते दोन-तीन आठवडे तग धरतं. थोडं खाऊन मोठ्या झालेल्या पिल्लांसाठी तिसरी, सर्वांत महत्त्वाची वाट असते: डाउअर अळी. गर्दीचा रासायनिक इशारा, कमी होत चाललेलं खाणं आणि वाढलेलं तापमान हे तिन्ही तोलून पिल्लू दुसरी कात टाकताना वेगळ्याच रूपात बाहेर येतं. अंग बारीक, त्वचा जाड, तोंड बंद. खाणं पूर्ण थांबतं. प्रौढ कृमी दोन-तीन आठवड्यांत मरतो, पण डाउअर अळी काही महिने जगते. ती शेपटीवर उभी राहून अंग हवेत हलवत राहते आणि जवळून जाणाऱ्या गोगलगायीला किंवा किड्याला चिकटून नव्या ठिकाणी पोचते. अन्न सापडलं की ती ठप्प झालेली वाढ पुन्हा सुरू करते.

चौथी गोष्ट ऐकायला कठोर वाटेल. उपाशी मादी अंडी घालणं थांबवते. अंडी तिच्या पोटातच उबतात आणि पिल्लं आईचं शरीर आतून खाऊन वाढतात. बाहेर काहीच खायला नसताना त्या पोषणावर काही पिल्लं डाउअर अवस्थेपर्यंत पोचतात. म्हणजे मरणारी मादी वंशाला पुढच्या हंगामापर्यंत नेण्याची सोय करून जाते.

स्पर्धेच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की या सगळ्या सोयी प्रत्येक प्रजातीकडे नसतात. मातीतल्या सेफॅलोबिड कुळातले कृमी डाउअर अवस्थेत जात नाहीत. ते हळू वाढतात, कमी खातात आणि थोडक्यात भागवून जागेच राहतात.

म्हणजे झपाट्याने वाढणारी प्रजातीच जिंकते, असं नाही?

नाही. झपाटा हा महागडा गुण आहे. भराभर वाढायचं तर भराभर खावं लागतं, आणि त्यासाठी जिवाणूंची दाटी एका ठरावीक पातळीच्या वर लागते. ती पातळी खाली गेली की वेगवान प्रजातीची संख्या घटायला लागते. हळू वाढणारी काटकसरी प्रजाती मात्र तेवढ्यावरही तग धरते, आणि खाऊन खाऊन जिवाणूंची पातळी आणखी खाली ओढते. डेव्हिड टिलमन यांनी १९८२ मध्ये हाच नियम नेटका मांडला. पुरवठा संथ आणि सारखा असेल तर शेवटी टिकते ती प्रजाती, जी सर्वांत कमी अन्नावर आपली संख्या राखू शकते.

मातीत हे प्रत्यक्ष दिसतं. ताजं शेणखत किंवा हिरवा पाला मातीत मिसळला की आधी जिवाणू माजतात. पाठोपाठ ऱ्हॅब्डायटिड कुळातले (सी. एलेगन्स याच कुळातला) कृमी काही दिवसांतच संख्येने फुगतात. मग जिवाणू ओसरतात, ऱ्हॅब्डायटिड डाउअर होऊन बाजूला होतात, आणि सेफॅलोबिड हळूहळू वर येतात. मिसळलेला माल काडीकचऱ्यासारखा, नायट्रोजन कमी आणि कार्बन जास्त असा असेल तर बुरशीचं राज्य येतं आणि ॲफेलेंकस, ॲफेलेंकॉइडिस असे बुरशीखाऊ कृमी वाढतात. अमुक दिवशी माती उकरली तर अमुकच ‘विजेता’ दिसेल. महिन्याभराने उकरली तर दुसराच.

अन्न ‘किती’ आणि अन्न ‘कसं’ यात एवढा फरक पडतो?

पडतो, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. महिन्याभरात दोन्ही बशांना प्रत्येकी मिळणारं जिवाणूंचं एकूण प्रमाण सारखंच ठेवा. एकीत रोज थोडं थोडं घाला, दुसरीत सगळं एकदाच. पहिल्या बशीत काटकसरी प्रजातीचं फावतं. दुसरीत संधीसाधू प्रजाती आधी झेप घेते, अन्न संपवते आणि डाउअरच्या रूपात पुढच्या फेरीची वाट पाहते. मधल्या भुकेच्या काळात काटकसरी प्रजाती आपलं झालेलं नुकसान भरून काढू पाहते. दोन फेऱ्यांमधलं अंतर लहान असेल तर झेप घेणारी टिकते, फार लांब असेल तर तिच्याही डाउअर अळ्या संपून जातात. मधल्या टप्प्यात दोघी टिकू शकतात.

हे केवळ अंदाजाने म्हटलेलं नाही, यामागे गणित आहे. गिओर्गी गॉस यांनी १९३४ मध्ये पॅरामेशियम या एकपेशीय जिवावरचे प्रयोग मांडल्यापासून ‘एकाच अन्नावर दोन प्रजाती कायम एकत्र राहत नाहीत’ हा नियम रूढ झाला. पण तो नियम स्थिर परिस्थिती गृहीत धरतो. आर्मस्ट्राँग आणि मॅकगेही यांनी १९८० मध्ये दाखवलं, की अन्नाची पातळी सतत वरखाली होत असेल तर एकाच अन्नावर एकाहून अधिक प्रजाती टिकू शकतात. अट एवढीच, की अन्न वाढल्यावर त्यांचा वाढीचा वेग वेगवेगळ्या वळणाने वाढला पाहिजे. पीटर चेसन यांनी साठवणीचा मुद्दा त्यात घातला. चांगल्या दिवसांत मिळवलेलं वाईट दिवसांत पुरवता आलं, तर प्रत्येक प्रजातीला आपापला बरा काळ गाठता येतो. सूत्रकृमींमध्ये ही साठवण म्हणजे डाउअर अळ्या. मातीत निपचित पडलेल्या या अळ्या आजच्या मोजणीत दिसल्या नाहीत तरी उद्याच्या स्पर्धेत त्या उतरणारच असतात.

स्पर्धकाचा कधी फायदाही होतो का?

होतो, आणि बऱ्याचदा होतो. कृमी चालतो तेव्हा त्याच्या त्वचेला आणि आतड्याला चिकटलेले जिवाणूही त्याच्याबरोबर जातात. ज्या कोपऱ्यात जिवाणू पोचले नव्हते तिथे नवी वसाहत उगवते, आणि ती खायला मागून येणारा कुठल्याही प्रजातीचा असू शकतो. बेताचं चरणं जिवाणूंनाही मानवतं. जुन्या, मंदावलेल्या पेशी खाल्ल्या जातात, बाहेर पडलेला नायट्रोजन उरलेल्यांना मिळतो, आणि वसाहत ताजीतवानी राहते. चरणं प्रमाणाबाहेर गेलं की मात्र हीच वसाहत बोडकी होते.

बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठातल्या टॉम मून्स यांच्या गटाने खाडीकाठच्या कुजणाऱ्या गवतावर राहणाऱ्या समुद्री सूत्रकृमींवर बरंच काम केलं आहे. डिप्लोलायमेलॉइडिस, डिप्लोलायमेला, लिटोडायटिस हे त्यांचे नेहमीचे गडी. अशा प्रजाती एकत्र वाढवल्या की एकमेकींना आवर घालणं आणि एकमेकींना हात देणं अशी दोन्ही नाती दिसतात, आणि कोणतं नातं वरचढ ठरेल यात अन्नाच्या प्रमाणाचा वाटा असतो. लिटोडायटिस मरिना म्हणून ओळखला जाणारा कृमी तर प्रत्यक्षात दिसायला सारख्या अनेक गुप्त प्रजातींचा समूह निघाला. नजरेला एकच वाटणाऱ्या, पण आपसांत स्पर्धा करणाऱ्या या प्रजाती जनुकीय चाचणीशिवाय वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालच्या जुन्या मोजण्यांवर मी थोडं जपूनच विश्वास ठेवेन.

उघड मारामारी होते का?

होते. प्रिस्टिऑन्कस पॅसिफिकस हा त्यातला सर्वांत नीट अभ्यासलेला कृमी. याच्या तोंडाची दोन रूपं असतात. एक अरुंद, एकच दात असलेलं, फक्त जिवाणू खाण्याजोगं. दुसरं रुंद, समोरासमोर दोन दात असलेलं. वरचा दात आकड्यासारखा वाकलेला, आणि त्याने दुसऱ्या कृमीची त्वचा फाडता येते. कुठलं तोंड येणार हे पिल्लू वाढत असतानाच ठरतं आणि प्रौढ झाल्यावर बदलत नाही. उपासमार आणि गर्दीचे रासायनिक इशारे रुंद तोंडाच्या बाजूने कौल देतात. ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या राल्फ सोमर यांच्या गटाने २०१३ मध्ये यामागचं कळीचं जनुक शोधलं. मग सगळेच रुंद तोंडाचे का नसतात? कारण अरुंद तोंडाचे कृमी किंचित लवकर वयात येतात. जिवाणू मुबलक असताना ही थोडीशी आघाडीही मोलाची ठरते.

आता हल्ल्याचा प्रसंग जवळून पाहू. रुंद तोंडाचा प्रिस्टिऑन्कस जिवाणूंच्या थरावर फिरत असतो. त्याचं नाक सी. एलेगन्सच्या पिल्लाला टेकतं. तो थबकतो, तोंड दाबून धरतो, दात हलतो, पिल्लाच्या त्वचेला भोक पडतं आणि आतला द्रव बाहेर येतो. काही क्षणांत पिल्लू निश्चल. प्रौढ सी. एलेगन्सच्या बाबतीत मात्र चित्र निराळं. तो मोठा, चपळ, सहजी मरत नाही. चावा बसला की झटका देऊन पळतो. मग वाया जाणारे हे चावे घ्यायचे कशाला? कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये याचं उत्तर मांडलं. प्रौढाला चावण्यामागे त्याला खायचा हेतू नसतो, जिवाणूंच्या थरावरून हाकलायचा असतो. पिल्लू म्हणजे शिकार, प्रौढ म्हणजे ताटातला वाटेकरी. दोघांनाही चावा तोच, पण त्यामागची गरज वेगळी.

सी. एलेगन्सही मुकाट बसत नाही. प्रिस्टिऑन्कसच्या अंगातून येणाऱ्या सल्फोलिपिड रसायनांचा वास लागताच तो मागे सरकतो. शिकारी जवळ असेल तर माद्या थरावर अंडी घालण्याऐवजी थराबाहेर, उघड्या अगारवर घालतात. पिल्लांना जन्मताच अन्नापर्यंत चालत जावं लागतं, पण जीव वाचतो. इथे भूक आणि भीती यांचा हिशेब एकाच प्राण्यात चालू असतो.

आणि प्रिस्टिऑन्कस आपल्याच पिल्लांना का खात नाही? त्वचेवरच्या एका लहानशा प्रथिनामुळे तो आपलं कोण, परकं कोण हे ओळखतो. २०१९ मध्ये हे उघड झालं. त्या प्रथिनाच्या टोकाशी किंचित बदल केला तरी सख्खी पिल्लं परकी ठरून मारली जातात.

अगदी जवळच्या नात्यातल्या दोन प्रजाती एकाच फळात कशा टिकतात?

पॅरिसजवळ ओर्से इथल्या सफरचंदाच्या बागेत मारी-आन फेलिक्स आणि फाब्रिस द्यूवो यांनी कुजणारी फळं वर्षानुवर्षं तपासली. तिथे सी. एलेगन्स आणि सी. ब्रिग्जी दोन्ही सापडतात, कधी कधी एकाच फळात. एका फळात दहा हजारांच्या घरात कृमी असू शकतात. दोघींचं खाणं जवळपास सारखं, राहणी सारखी. पण सी. ब्रिग्जीला ऊब अधिक मानवते. प्रयोगशाळेत तापमान बदललं की या दोघींमधल्या स्पर्धेचा निकालही बदलतो. बागेत ऋतू बदलत राहतात, फळं टप्प्याटप्प्याने पडतात, आणि कुणालाच संपूर्ण बाग काबीज करायला पुरेसा वेळ मिळत नाही.

रोगही यात हात घालतात. २०११ मध्ये जाहीर झालेला ओर्से विषाणू सी. एलेगन्सला लागतो, सांतय विषाणू सी. ब्रिग्जीला. ज्या प्रजातीची दाटी वाढते तिलाच तिचा रोग गाठतो, आणि दुसरीला श्वास घ्यायला जागा मिळते.

उष्ण जंगलांत असाच खेळ कुजणाऱ्या फुलाफळांवर चालतो. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर अशा पडलेल्या फुलाफळांचा प्रत्येक ढिगारा म्हणजे थोडे दिवस टिकणारं एक बेटच. तिथे आधी कोण पोचलं यालाच मोठं महत्त्व येतं.

दोन प्रजातींमध्ये समागम झाला तर?

चुकीच्या जोडीदाराचा फटका मोठा असतो. सीनोऱ्हॅब्डायटिस वंशात परक्या प्रजातीच्या नराचे शुक्राणू मादीच्या प्रजननमार्गाबाहेर भरकटतात, तिला वांझ करतात, कधी तिचा जीवही घेतात. हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे अन्नाच्या एकाच तुकड्यावर दाटी झाली की नुकसान फक्त घासांचं होत नाही.

मेलेल्या कीटकात काय घडतं?

तिथे अन्न म्हणजे एकच कीटक, एकदाच, आणि दाराला आतून कडी. स्टायनरनेमा आणि हेटरोऱ्हॅब्डायटिस हे कृमी जिवंत अळीत शिरतात आणि आपल्या आतड्यात जपलेले जिवाणू तिच्या रक्तात सोडतात. पहिल्याचा जिवाणू झेनोऱ्हॅब्डस, दुसऱ्याचा फोटोऱ्हॅब्डस. कीटक मरतो, आणि हे जिवाणू प्रतिजैविकं सोडून बाकी सूक्ष्मजीवांना बाहेर ठेवतात. म्हणजे इथे कृमींची स्पर्धा बरीचशी त्यांचे जिवाणूच लढतात. दोन्ही वंश एकाच कीटकात एकदम शिरले तर बहुतेकदा स्टायनरनेमा वरचढ ठरतो. स्टायनरनेमाच्या काही प्रजातींचे नर तर प्रतिस्पर्ध्याला विळखा घालून मारतात.

मातीत मात्र ते एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. स्टायनरनेमा कार्पोकॅप्सी पृष्ठभागाजवळ दबा धरून बसतो. हेटरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा खोलवर फिरून कीटक हुडकतो. एक फिरत्या कीटकांवर जगतो, दुसरा मुळांशी बसलेल्यांवर.

मुळांवरच्या कृमींचं काय?

त्यांची स्पर्धा जागेची. गाठी करणारा मेलॉइडोगायनी मुळात एका जागी ठाण मांडतो आणि भोवतालच्या पेशींना फुगवून त्यांच्यावर पोसला जातो. प्रॅटिलेंकस मात्र मुळातून भटकत पेशी उद्ध्वस्त करत जातो, म्हणजे पहिल्याची बसायची जागाच उरत नाही. दाटी झाली किंवा मूळ अशक्त असलं की मेलॉइडोगायनीच्या पिल्लांमधून नर जास्त निपजतात. नर मूळ सोडून जातात, फारसं खात नाहीत, आणि पुढच्या पिढीची गर्दी आपोआप कमी होते.

हे सगळं मोजतात कसं? बशीतले निष्कर्ष मातीला लावता येतात का?

साधा आराखडा असा. प्रत्येक प्रजाती एकटी वाढवायची, मग जोडीने वाढवायची, आणि हे सगळं अन्नाच्या निदान दोन-तीन पातळ्यांवर करायचं. एकटीचे आकडे हाताशी नसतील तर जोडीतल्या आकड्यांना अर्थ राहत नाही. प्रजाती दिसायला सारख्या असतील तर एकीत चमकणारं प्रथिन घातलेला वाण वापरतात किंवा डीएनएवरून ओळख पटवतात. मोजणी एकदाच न करता ठरावीक अंतराने करायची, नाहीतर चढ कुठे होता आणि उतार कुठे हेच कळत नाही. प्रौढ, पिल्लं आणि डाउअर वेगळे मोजायचे. एकूण संख्या सारखी असूनही एका बशीत सगळे खाते-पिते प्रौढ आणि दुसरीत सगळ्या निजलेल्या अळ्या असू शकतात. या दोन बशांचं भवितव्य अगदी वेगळं.

बशीतले निष्कर्ष मातीला थेट लावू नयेत. अगारवर सगळं सपाट असतं, लपायला जागा नसते, जिवाणू एकाच जातीचे असतात. मातीत कणांमधल्या पोकळ्यांत पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि कृमी त्यातूनच सरकतो. ज्या पोकळीत तो मावत नाही तिथले जिवाणू सुरक्षित राहतात. मातीत अन्न असूनही हाताशी नसणं ही रोजचीच गोष्ट. शिवाय तिथे कृमी पकडणाऱ्या बुरशी असतात. आर्थ्रोबॉट्रिस ऑलिगोस्पोरा ही बुरशी स्वतः उपाशी असताना कृमींचे रासायनिक इशारे ओळखून सापळे विणते. बशी कारण शोधायला उत्तम, पण त्या कारणाचं वजन किती हे मातीतच तोलावं लागतं.

मातीच्या नमुन्यावरून तिथल्या अन्नाचा अंदाज बांधता येतो का?

बऱ्यापैकी. नेदरलँड्सच्या टॉम बॉन्गर्स यांनी १९९० मध्ये सूत्रकृमींच्या कुळांना एक ते पाच अशी श्रेणी दिली. एकमध्ये झटपट वाढून झटपट ओसरणारे, पाचमध्ये हळू वाढणारे, मोजकी अंडी देणारे आणि ढवळाढवळ न सोसणारे. नमुन्यात एक श्रेणीवाल्यांचा भरणा असेल तर नुकतंच भरपूर अन्न मिसळलेलं असणार. दोन श्रेणीचे सेफॅलोबिड जास्त असतील तर माती सध्या थोडक्यात भागवते आहे. चार-पाच श्रेणीचे शिकारी आणि सर्वभक्षी असतील तर तिला बराच काळ कुणी हात लावलेला नाही. २००१ मध्ये हॉवर्ड फेरिस, बॉन्गर्स आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत आणखी धारदार केली. पिकांची माती तपासणाऱ्यांना आजही ती उपयोगी पडते.

कोणती प्रजाती वर आहे याने झाडांना काय फरक पडतो?

जिवाणूंच्या शरीरात कार्बनच्या मानाने नायट्रोजन जास्त असतो, कृमीच्या शरीरात त्याहून कमी. शिवाय खाल्लेल्यातला बराच कार्बन श्वसनात जातो. उरलेला जादा नायट्रोजन कृमी अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो, आणि तो मुळांना घेता येतो. १९८५ मध्ये इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी बंद कुंड्यांत हे दाखवलं होतं. जिवाणूंच्या जोडीला जिवाणूखाऊ कृमी असलेल्या कुंड्यांत रोपं सुरुवातीला जोमाने वाढली.

पण वेळ जुळली पाहिजे. ऱ्हॅब्डायटिडांची लाट रोपं लावायच्या आधीच ओसरून गेली तर त्यातला नायट्रोजन मुळांच्या वाट्याला येत नाही, आणि सगळे डाउअर होऊन पडले असतील तर तो सुटतच नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे फेरिस यांच्या गटाने टोमॅटोच्या शेतात याच वेळेवर काम केलं. शरद ऋतूत, जमीन अजून उबदार असताना पाणी दिलं आणि आच्छादन पीक वाढवलं, म्हणजे मातीतले जीव हिवाळ्याआधी जागे राहून खात राहतील. अशा शेतांत वसंतात, टोमॅटोची रोपं लावायच्या वेळी, जिवाणूखाऊ कृमी जास्त होते आणि पिकाला मिळणारा नायट्रोजनही वाढला.